तिवराच्या अर्कातून चांदीचे नॅनोकण: गाळ का पडला आणि चांदीचा हिशेब कसा लावायचा

विचारलेले थोडक्यात असे. ऐरोलीच्या खाडीकाठच्या तिवराची (हे खारफुटीचे झाड) १० ग्रॅम ताजी पाने १०० मिली पाण्यात २० मिनिटे उकळली. गाळलेला १० मिली अर्क १ मिलिमोलर सिल्व्हर नायट्रेटच्या ९० मिली द्रावणात घातला. पाणी वापरले ते महाविद्यालयाच्या विभागातल्या आरओ यंत्राचे. अर्क पडताच मिश्रण दुधट झाले, उन्हात तासाभरात जांभळट-तपकिरी झाले आणि दुसऱ्या दिवशी तळाला गाळ बसला. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ४३० नॅनोमीटरपाशी आलेखात नुसता खांदा (अर्धवट उंचवटा) दिसतो, शिखर नाही. तरीही ई. कोलाय जिवाणूच्या प्लेटवर विहिरीभोवती १४ मिलिमीटरचे स्वच्छ वर्तुळ मिळाले. मग प्रकल्पात "चांदीचे नॅनोकण तयार झाले, ते जिवाणूनाशक आहेत" असे लिहावे का? आणि त्याच अर्कातून झिंक ऑक्साइडही करता येईल का?

या पुराव्यावर तसे लिहू नका. तुमच्या चंचुपात्रात जे आहे त्यातला मोठा भाग सिल्व्हर क्लोराइडचा असणार. धातुरूप चांदी असली तर थोडी. अर्क पडल्याक्षणी दुधट होणे ही त्याची पहिली खूण. वनस्पतीतल्या फिनॉलांनी (टॅनिनसारख्या द्रव्यांनी) चांदीचे क्षपण केले, म्हणजे चांदीच्या आयनांना इलेक्ट्रॉन देऊन धातू बनवले, तर द्रावण आधी फिकट पिवळे आणि मग हळूहळू पिवळसर तपकिरी होते, पण पारदर्शक राहते. उन्हात जांभळट होणे ही दुसरी खूण. सिल्व्हर क्लोराइड प्रकाशात काळवंडते, जुनी फोटोग्राफी त्याच गुणावर उभी होती.

क्लोराइड दोन वाटांनी आले. पहिली वाट पाण्याची. आरओचे पाणी पिण्यासाठी असते. त्यातले क्षार कमी झालेले असतात, संपलेले नसतात. लिटरला १० मिलिग्रॅम क्लोराइड उरले असे धरा, म्हणजे ०.२८ मिलिमोलर. तुमची चांदी १ मिलिमोलर, म्हणजे चौथा हिस्सा अर्क घालण्याआधीच गेला. सिल्व्हर क्लोराइड इतके कमी विरघळते की १ मिलिमोलर चांदीच्या द्रावणात लिटरला ०.०१ मिलिग्रॅमहून कमी क्लोराइडही साका (न विरघळणारा गाळ) पडायला पुरते. नळाचे पाणी तर विचारातच घेऊ नका. नवी मुंबईला येणारे मोरबे धरणाचे पाणी चवीला कितीही चांगले असले तरी नळापर्यंत येताना त्यात क्लोरीन मिसळलेले असते, आणि त्याचे क्लोराइड होते.

दुसरी वाट जास्त मोठी, आणि ती तुम्ही निवडलेल्या झाडात आहे. तिवर खारट पाण्यात जगते ते मीठ शोषून, पानांवाटे बाहेर टाकून. उन्हाळ्यात पानाच्या पाठीवर मिठाचे कण बोटाला लागतात. वरवरचे मीठ धुऊन जाते, पानाच्या रसातले जात नाही. ताज्या वजनाच्या अवघे १ टक्का क्लोराइड धरले तरी १० ग्रॅम पानांतून १०० मिली अर्कात ०.१ ग्रॅम येते, म्हणजे सुमारे २८ मिलिमोलर. त्यातला १० मिली अर्क एकूण १०० मिलीत गेला की क्लोराइड २.८ मिलिमोलर आणि चांदी ०.९ मिलिमोलर. क्लोराइड चांदीच्या तिप्पट! अशा वेळी फिनॉलांना क्षपण करायला मोकळे चांदीचे आयन जवळजवळ मिळतच नाहीत. क्षपण होते ते आधी बनलेल्या क्लोराइडच्या कणांवर, प्रकाशाच्या मदतीने, थोडेफार. तो ४३० चा खांदा बहुधा तिथलाच.

खात्री करायला महागडे यंत्र लागत नाही, गुणात्मक विश्लेषणातला पहिला गट (ज्यांचे क्लोराइड पाण्यात विरघळत नाही ते धातू) आठवा. गाळ सेंट्रिफ्यूजने खाली बसवा, डिस्टिल्ड पाण्याने दोनदा धुवा, त्यातला चिमूटभर परीक्षानळीत घेऊन २ मिली विरळ अमोनिया घाला आणि हलवा. सिल्व्हर क्लोराइड विरघळते, धातुरूप चांदी काळपट तशीच राहते. किती विरघळले आणि किती उरले यावरून अंदाज येतो. वरचे स्वच्छ द्रावण वेगळे करून विरळ नायट्रिक आम्लाने आम्लधर्मी केले की पांढरा साका परत येतो, तो क्लोराइडचाच. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: अमोनियातले चांदीचे द्रावण कधीही ठेवून द्यायचे नाही. ते साठवले की त्यात स्फोटक पदार्थ तयार होतो. चाचणी झाली की त्याच मिनिटाला आम्ल घालून मोकळे व्हा.

आता झाडाविषयी. तुमच्या विषयाच्या शीर्षकातच खारफुटी असेल आणि मार्गदर्शक ती बदलू देत नसतील, तर पदार्थाला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारा: चांदी आणि सिल्व्हर क्लोराइड यांचे मिश्रकण. तो अभ्यासाचा विषय आहेच, त्यात कमीपणा नाही. पण शुद्ध चांदीचे कण हवे असतील तर तिवर सोडा. आणखी एक कारण आहे. ठाणे खाडीचा हा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ मध्ये त्याला रामसर दर्जा मिळाला. अभयारण्यातले पानही वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय तोडता येत नाही. परवानगी घेतली असेल तर तिचा क्रमांक प्रबंधात द्या. ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलाचेही तसेच, तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. "चार पानांनी काय होते" हा युक्तिवाद तिथे चालत नाही, चालू नये.

सोसायटीच्या आवारातला पेरू या कामाला उत्तम. तुर्भ्याच्या एपीएमसीतून किंवा रसवाल्याकडून डाळिंबाच्या साली मिळतात, त्याही छान. दोन्हींत टॅनिन आणि फ्लॅव्होनॉइड भरपूर, क्लोराइड तिवराच्या मानाने किरकोळ. डाळिंबाची साल फार जोरकस आहे, अर्क जास्त पडला तर कण अनियंत्रित वाढतात, म्हणून पहिल्यांदा करणाऱ्याला पेरू बरा. कडुनिंबावर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटाने २००४ मध्ये चांदी, सोने आणि दोन्ही धातूंचे एकत्र कण केले होते. ते काम वाचाच, कारण पुढच्या शेकडो शोधनिबंधांची पाककृती तिथून आणि त्या काळच्या अशाच दोन-चार निबंधांतून आली आहे.

कोणतेही पान घ्या, आधी क्लोराइडची चाचणी करा. २ मिली अर्कात विरळ नायट्रिक आम्लाचे ५ थेंब, मग ०.१ मोलर सिल्व्हर नायट्रेटचे २ थेंब. आम्लामुळे क्षपण मंदावते आणि क्लोराइड तेवढे दिसते. अंधुकशी झाक चालेल, दह्यासारखे फुटले तर ते पान बाद. शेजारी नुसत्या पाण्याची नळी ठेवा. तीही अंधुक झाली तर दोष पाण्याचा.

पेरूची पाने एकाच झाडाची, वरून तिसरे-चौथे पान, कोवळे नको आणि जून नको. घोडबंदर रोडच्या कडेचे झाड नको, धूळ आणि धूर पानावर चिकटून असतो. नळाखाली तीनदा आणि शेवटी डिस्टिल्ड पाण्याने दोनदा धुवा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर सावलीत पाने वाळत नाहीत, आठवडाभरात बुरशी धरतात, आणि बुरशीलाही स्वतःची क्षपण करणारी द्रव्ये असतात. म्हणून ४० अंशांच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. प्रमाण नेहमी सुक्या वजनावर लिहा. पावसाळ्यात आणि एप्रिलमध्ये पानातले पाणी वेगळे असते, "१० ग्रॅम ताजी पाने" हे माप महिन्यागणिक बदलते. दोन बॅच जुळत नाहीत याचे हे सर्वांत साधे आणि सर्वांत दुर्लक्षित कारण.

वाळलेल्या पानांची ५ ग्रॅम पूड, १०० मिली डिस्टिल्ड पाणी, ७० अंश, २० मिनिटे, झाकण ठेवून. खळखळून उकळू नका, त्याने चोथा फुटून अर्क गढूळ होतो. थंड करा, मलमलीतून आणि मग व्हॉटमन १ क्रमांकाच्या कागदातून गाळा. शक्य असेल तर शेवटी ०.४५ मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून. अर्क ४ अंशांवर ठेवून २४ तासांच्या आत वापरा. तिसऱ्या दिवसाचा अर्क म्हणजे वेगळा अर्क.

सिल्व्हर नायट्रेटचे १० मिलिमोलरचे साठा द्रावण करा: ०.१७० ग्रॅम, डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून १०० मिली, गडद तपकिरी बाटलीत. हातमोजे घाला, कातडीवर पडले तर काळे डाग आठवडाभर जात नाहीत, डोळ्यांत गेले तर गंभीर इजा होते. काचसामान १० टक्के नायट्रिक आम्लाने धुऊन डिस्टिल्ड पाण्याने चार-पाचदा खंगाळा. हायड्रोक्लोरिक आम्लाने धुतलेली काच इथे चालत नाही, कारण उघड आहे.

मिश्रणाचा क्रम महत्त्वाचा आहे. ८५ मिली पाण्यात ५ मिली अर्क घाला. त्याचा पीएच ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडच्या थेंबांनी ८ वर आणा. मग ६० अंशांच्या पाणीकुंडात, चुंबकीय ढवळणी चालू ठेवून, १० मिली साठा द्रावण ५ मिनिटांत थेंबथेंब सोडा. एकूण १०० मिली, चांदी १ मिलिमोलर, म्हणजे वजनाने १०.८ मिलिग्रॅम. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहा, पुढे सगळीकडे लागणार आहे.

अल्कली आधी आणि चांदी नंतर, हे का? उलट केले तर जिथे अल्कलीचा थेंब पडतो तिथे क्षणभर पीएच चढतो आणि तपकिरी सिल्व्हर ऑक्साइड बनते. त्याचा रंग पाहून अनेकांना नॅनोकण झाल्याचा भास होतो. पीएच वाढवायचा कशाला? फिनॉलाचा हायड्रोजन सुटला की ते इलेक्ट्रॉन सहज देते, त्यामुळे आम्लधर्मी अर्कात दिवसभर चालणारी क्रिया ८ वर अर्ध्या-एक तासात होते, कणांची बीजे एकदम पडतात आणि आकार लहान व एकसारखा येतो. १० च्या पुढे मात्र जाऊ नका. पीएच कमी करायचा झाला तर विरळ नायट्रिक आम्लानेच. फॉस्फेट बफर नको, पिवळे सिल्व्हर फॉस्फेट पडते आणि पिवळा रंग पुन्हा फसवतो. आणि पीएच मीटरची काडी थेट मुख्य चंचुपात्रात बुडवू नका. तिच्यात पोटॅशियम क्लोराइड भरलेले असते आणि ते झिरपते. थोडे मिश्रण बाजूला काढून मोजा आणि मोजलेले परत ओतू नका.

सोबत तीन कंट्रोल (तुलनेचे प्रयोग) चालवल्याशिवाय प्रयोग पूर्ण होत नाही. एकात अर्क आणि पाणी, तोच पीएच, तेच तापमान, चांदी नाही. दुसऱ्यात चांदी आणि पाणी, अर्क नाही, पीएच तसाच राहू द्या. तिसरे पूर्ण मिश्रण, पण फॉइलमध्ये गुंडाळून अंधारात. पहिल्याची गरज सर्वांत जास्त, कारण पेरू किंवा चहाचा अर्क अल्कलीत हवेने आपोआप तपकिरी होतो. रंग बदलला हा पुरावा नाही! तिसऱ्यावरून कळते की काम पानाने केले की उन्हाने.

० मिनिटाला आणि मग ५, १५, ३०, ६०, १२० मिनिटांनी आणि २४ तासांनी वाचन घ्या. प्रत्येक वेळी १ मिली काढून १० मिली करा आणि ३०० ते ८०० नॅनोमीटर पूर्ण पट्टा चालवा. ब्लँक (यंत्राचे शून्य ठरवणारा नमुना) म्हणून तितकाच विरळ केलेला पहिला कंट्रोल वापरा, नुसते पाणी नको. गोल, लहान चांदीच्या कणांचे शिखर ४०० ते ४३० च्या दरम्यान येते. ५०० च्या पुढे दुसरा उंचवटा म्हणजे कण एकमेकांना चिकटले. सगळी पट्टीच वर उचललेली, शिखर नाही, म्हणजे गढूळपणा, तुमच्या आत्ताच्या आलेखासारखा.

शिखराच्या उंचीकडे फारसे कुणी पाहत नाही, पण चांदीचा पहिला हिशेब तिथेच लागतो. १ मिलिमोलर चांदी पूर्णपणे १०-२० नॅनोमीटरच्या गोल कणांत गेली तर विरळ न करता शोषण १० ते १५ च्या घरात असायला हवे. यंत्र तेवढे मोजू शकत नाही म्हणून दहापट विरळ करायचे, तेव्हा १ ते १.५ दिसेल. वनस्पतीजन्य कणांचे शिखर रुंद असते, म्हणून विरळ केल्यावर ०.६ आले तरी समाधानकारक समजा. पण विरळ न करता ०.६ येत असेल, आणि असे आलेख छापलेले सर्रास दिसतात, तर बहुतेक चांदी अजून आयनरूपात आहे किंवा क्लोराइड होऊन तळाशी गेली आहे.

ती कुठे आहे ते पाहा. मिश्रण १२,००० आरपीएमवर २० मिनिटे फिरवा, वरचे स्वच्छ द्रावण ५ मिली घ्या, त्यात १ टक्का मिठाच्या पाण्याचे २ थेंब. दुधट झाले तर चांदीचे आयन शिल्लक आहेत. ही दोन मिनिटांची चाचणी पुढचे सगळे जिवाणूप्रयोग वाचवते.

सेंट्रिफ्यूजबद्दल इथेच सांगतो. बऱ्याच महाविद्यालयांत ४,००० आरपीएमचे साधे यंत्र असते. १० सेंटीमीटर त्रिज्येला ते सुमारे १,८०० जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या १,८०० पट, बल देते. २० नॅनोमीटरचे कण त्याने खाली बसत नाहीत. बसतो तो चोथा, गुठळ्या आणि सिल्व्हर क्लोराइड, आणि खरे कण वरच्या द्रावणाबरोबर फेकले जातात! १२,००० आरपीएमला ८ सेंटीमीटर त्रिज्येवर सुमारे १२,९०० जी मिळते, ते हवे. तसे यंत्र नसेल तर डायलिसिस करा (आयन बाहेर जाऊ देणाऱ्या पण कण अडवणाऱ्या पडद्याच्या नळीत ठेवणे): १२ ते १४ किलोडाल्टनची नळी, २ लिटर डिस्टिल्ड पाणी, ४८ तासांत पाच वेळा बदल. वेळ लागतो, पण कण एकमेकांवर दाबले जात नाहीत आणि मोकळे आयन निघून जातात. जिवाणूप्रयोगासाठी मला डायलिसिसच जास्त विश्वासाचे वाटते.

पूड करून ठेवण्याचा मोह टाळा. ओव्हनमध्ये वाळवलेले कण परत पाण्यात मोकळे होत नाहीत, सोनिकेटरमध्ये कितीही हलवा. निलंबन म्हणून ४ अंशांवर अंधारात ठेवा, गोठवू नका. पूड एक्सआरडीसाठी (क्ष-किरणांनी स्फटिक ओळखण्याच्या तंत्रासाठी) लागते तेवढीच करा. आणि वाळलेल्या पुडीचे वजन म्हणजे चांदीचे वजन नव्हे. १०० मिलीतून पुडी ६० मिलिग्रॅम निघाली, तर त्यात चांदी जास्तीत जास्त १०.८ मिलिग्रॅम असू शकते, बाकी पानातली द्रव्ये. "१०० मायक्रोग्रॅम प्रति मिली नॅनोकण" असे लिहिताना आपण नेमके कशाचे वजन सांगतो आहोत ते ठरवा. खरी चांदी मोजायला अणुशोषण यंत्र किंवा आयसीपी (प्लाझ्मात धातू मोजणारे यंत्र) लागते. नमुना नायट्रिक आम्लातच विरघळवा, धूरकपाटात. अम्लराज (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांचे मिश्रण) वापरले तर त्यातल्या क्लोराइडने चांदी साक्यात जाते आणि आकडा कमी येतो.

एक्सआरडीत चांदीची शिखरे टू-थीटा ३८.१, ४४.३, ६४.४ आणि ७७.४ अंशांना येतात. २७.८, ३२.२ आणि ४६.२ ला शिखरे दिसली तर ती सिल्व्हर क्लोराइडची. अनेक शोधनिबंधांत याच तीन शिखरांवर चांदणी काढून खाली "अर्कातील सेंद्रिय द्रव्ये" असे लिहिलेले आढळते. तुम्ही तसे लिहू नका. तुमच्या तिवराच्या गाळात ही तीन शिखरे ठळक असतील. शेररचे सूत्र (शिखराच्या रुंदीवरून स्फटिकाचा आकार काढणारे) वापरताना रुंदी अंशांतून रेडियनमध्ये आणायला विसरू नका. ३८.१ ला ०.५ अंश रुंदी, म्हणजे ०.००८७ रेडियन, कॉपर के-अल्फा किरणांचा ०.१५४०६ नॅनोमीटर, स्थिरांक ०.९, उत्तर १६.८ नॅनोमीटर. यंत्राची स्वतःची रुंदी वजा केलेली नसेल तर तसे नमूद करा. हा स्फटिकाचा आकार आहे, कणाचा नव्हे. कण पाहायचा असेल तर टीईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक), आणि त्यासाठी पवईला आयआयटी मुंबईच्या सैफ केंद्रात नमुना पाठवता येतो. डायनॅमिक लाइट स्कॅटरिंगचा आकडा टीईएमपेक्षा मोठाच येणार, त्यात कणाभोवतीचे सेंद्रिय आवरण आणि पाणीही मोजले जाते. एफटीआयआरवरून (अवरक्त किरणांनी रासायनिक गट ओळखण्याच्या तंत्रावरून) "क्वेर्सेटिनने (पानातल्या एका फ्लॅव्होनॉइडने) क्षपण केले" असे म्हणता येत नाही. हायड्रॉक्सिल आणि कार्बोनिल गट आहेत एवढेच म्हणता येते, आणि ते कोणत्याही पानात असतात.

आता तुमचे १४ मिलिमीटरचे वर्तुळ. ते खरे आहे, पण ते नॅनोकणांचे आहे असे त्यातून सिद्ध होत नाही. सिल्व्हर क्लोराइड पाण्यात लिटरला सुमारे १.९ मिलिग्रॅम विरघळते आणि तेवढे चांदीचे आयन जिवाणूंना जाचक ठरतात. क्षपण न झालेले आयन असतील तर वर्तुळ आणखी मोठे. उलट आगरमधून कण फारसे सरकत नाहीत, म्हणून उत्तम नॅनोकणांचे वर्तुळ लहान आणि वाया गेलेल्या बॅचचे मोठे, असेही घडते! २०१२ मध्ये अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाच्या गटाने ऑक्सिजन पूर्ण वगळून प्रयोग केले. कणांमधून आयन सुटणे थांबले तेव्हा ई. कोलायवर कणांचा परिणाम जवळजवळ उरला नाही. मारणारा मुख्यतः आयन आहे, कण हा त्याचा साठा. त्यामुळे तुलना आयनांशी केल्याशिवाय कणांविषयी काहीच बोलता येत नाही.

म्हणून वर्तुळापेक्षा किमान प्रतिबंधक प्रमाण (जिवाणूंची वाढ थांबवणारी सर्वांत कमी मात्रा) काढा, ९६ विहिरींच्या प्लेटवर. म्युलर-हिंटन ब्रॉथ (जिवाणू वाढवण्याचे प्रमाणित द्रव खाद्य), अंतिम जिवाणू मिलीला सुमारे ५ लाख (०.५ मॅकफार्लंड गढूळपणा म्हणजे मिलीला साधारण १० ते २० कोटी, त्यावरून विरळ करत या), ३५ अंश, १६ ते २० तास. ई. कोलाय एटीसीसी २५९२२ आणि स्टॅफिलोकॉकस ऑरियस एटीसीसी २९२१३ हे ठरलेले वाण घ्या, रुग्णालयातून कुणी दिलेले नव्हे. जैवसुरक्षा कक्ष नसेल तर हा भाग सूक्ष्मजीवशास्त्र विभागात, त्यांच्या देखरेखीखाली करा. एकाच प्लेटवर पाच रांगा हव्यात: शुद्ध केलेले कण, तेवढ्याच एकूण चांदीचे सिल्व्हर नायट्रेट, कण काढून टाकल्यावरचे वरचे द्रावण, तेवढ्याच प्रमाणातला नुसता अर्क, आणि जेन्टामायसिन हे प्रतिजैविक. मात्रा सगळीकडे चांदीच्या मायक्रोग्रॅममध्ये. कणांची रांग आणि वरच्या द्रावणाची रांग सारखीच निघाली, तर तुम्ही मोजले ते आयन.

अडचणी इथेही आहेत. म्युलर-हिंटनमध्ये क्लोराइड आणि प्रथिने असतात, दोन्ही चांदी बांधून ठेवतात, त्यामुळे इथला आकडा साध्या पाण्यातल्या आकड्यापेक्षा वर येतो. कण तपकिरी असल्याने ६०० नॅनोमीटरचे वाचन फसवते, म्हणून जिवाणू न घातलेली तीच रांग शेजारी ठेवून वजा करा, आणि शेवटचा निर्णय स्वच्छ विहिरीतले १० मायक्रोलिटर आगरवर पसरूनच घ्या. पसरण्याआधी सोडियम थायोग्लायकोलेटने चांदी निकामी करा, नाहीतर थेंबाबरोबर गेलेली चांदी प्लेटवरही जिवाणूंना वाढू देत नाही आणि फक्त थांबलेले जिवाणू "मेले" असे दिसतात. थायोग्लायकोलेट एकट्याने जिवाणूंना अपाय करत नाही हे वेगळ्या प्लेटवर दाखवा. सगळे तीन स्वतंत्र बॅचवर. एकाच बॅचच्या तीन विहिरी म्हणजे तीन प्रयोग नव्हेत.

झिंक ऑक्साइडचे उत्तर छोटे आहे. करता येईल, पण तिथे पान क्षपण करत नाही. झिंक नायट्रेटमध्ये जस्त दोन धनभारांचे असते आणि झिंक ऑक्साइडमध्येही तितकेच. जस्ताचे क्षपण विभव (जितके उणे तितके क्षपण अवघड) उणे ०.७६ व्होल्ट आहे, चांदीचे अधिक ०.८०, पानातल्या फिनॉलांना जस्त धातूपर्यंत नेता येत नाही. अर्क तिथे जस्त बांधतो, साका बारीक ठेवतो, आणि ४०० ते ५०० अंशांवर भाजल्यावर जळून जातो. म्हणून "जस्ताचे हरित क्षपण" हा शब्दप्रयोग प्रबंधात नको, परीक्षकाने पकडला तर उत्तर नाही. तांब्याचे क्षपण शक्य आहे, पण हवेत ते लगेच ऑक्साइड होते, पहिल्या प्रकल्पाला नको. वेळ एका सत्राचा असेल तर चांदीवरच थांबा आणि ती नीट करा.

तयार झालेले निलंबन प्यायचे नाही, जखमेवर लावायचे नाही, घरी फवारायचे नाही. पानापासून बनले म्हणून चांदी सौम्य होत नाही. शरीरात साठली तर कातडी कायमची निळसर-करडी होते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९९ मध्येच विनाचिठ्ठी विकली जाणारी कलिली चांदीची (द्रवात तरंगणाऱ्या बारीक चांदीची) औषधे सुरक्षित व गुणकारी मानता येत नाहीत असे ठरवले. प्रकल्पाच्या शेवटच्या प्रकरणात "औषध म्हणून उपयुक्त" असे वाक्य ९६ विहिरींच्या जोरावर लिहू नका.

चांदीचे सगळे उरलेले द्रावण, धुण्याचे पहिले पाणी, डायलिसिसचे पहिले दोन बदल बेसिनमध्ये ओतायचे नाहीत. इथले सांडपाणी शेवटी खाडीकडेच जाते, आणि शेवाळ, झिंगे, मासे यांना चांदीचे आयन फार थोड्या प्रमाणातही मारक असतात. एका प्लॅस्टिकच्या डब्यात सगळे जमा करा. अमोनियाची चाचणी केलेले द्रावण आम्लधर्मी करूनच त्यात ओता. सत्राच्या शेवटी जास्तीचे मीठ घाला, साका रात्रभर बसू द्या, गाळा, वाळवा आणि गडद बाटलीत ठेवा. जिवाणू लागलेल्या प्लेटी या डब्यात नकोत, त्या आधी ऑटोक्लेव्हमध्ये. बाटलीवर तारीख, अंदाजे मिलिग्रॅम चांदी आणि तुमच्या विभागाचे नाव लिहा. महाविद्यालयाचा घातक कचरा तळोज्याच्या सामाईक व्यवस्थेकडे जात असेल तर त्याच फेरीत ती द्यावी.